वाढत्या पायांची चप्पल: मार्च ते सप्टेंबरच्या नोंदी

९ मार्च
होळीआधी माळा साफ करायला घेतला, तर लेकीच्या चपला-बुटांचे चार जोड निघाले. तीन जवळजवळ नवे. सोल झिजलेला नाही, शिवण उसवलेली नाही, फक्त पाय पुढे निघून गेला. दीड वर्षात ती ११ नंबरवरून १३ वर आली. आपल्याकडच्या नंबरांत दोन नंबरांमध्ये साधारण साडेआठ मिलिमीटरचं अंतर असतं. म्हणजे सतरा मिलिमीटरपायी चार जोड.

मी नागपुरात, महालात शाळेच्या बॅगा शिवते. घरात दोन मशिनी, नायलॉनच्या नवारीचे रोल, बकलांचे डबे. बॅगेचा पट्टा मुलासोबत लांब होतो, मग चपलेचा का नाही? दोन आठवड्यांत जमेल, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. ते पान अजून फाडलेलं नाही.

बर्डीवर फुटपाथला बसणाऱ्या मोचीकाकांना कल्पना सांगितली. चपलेचं काम मला येत नाही, त्यांना येतं. ते म्हणाले, "ताई, पोट्ट्याचा पाय निरा लांबच नाही होत. पसरते, अन् मुडपायची जागाही सरकते." मी मान डोलावली, पण वहीत लिहिलं नाही. पुढचे तीन महिने या एका वाक्यापायी गेले.

१६ मार्च
मापं. घरची, शेजारची, बेस्याला राहणाऱ्या भाच्याच्या गल्लीतली मिळून अकरा मुलं. सकाळी खुर्चीवर बसवून कागदावर पाय आखले. संध्याकाळी शंका आली म्हणून लेकीला उभं करून पुन्हा आखलं, तर पाय चार मिलिमीटरने मोठा! अकराही मुलांना परत बोलवावं लागलं. बिस्किटांचे दोन पुडे संपले.

ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी: संध्याकाळी मोजा. टाच भिंतीला टेकवून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं करा. पेन्सिल सरळ उभी धरा, तिरकी धरली की पायाखाली शिरते. दोन्ही पाय मोजा आणि मोठा धरा. लेकीचा डावा १८८ मिलिमीटर निघाला, उजवा १८५.

रुंदीचाही घोळ आहे. इतवारीतून आणलेल्या लहान मुलांच्या फर्म्यावर, म्हणजे चप्पल बेतायच्या पायाच्या साच्यावर, अकरापैकी सात पायांचा चवडा बाहेर येत होता. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरात लाखावर लोकांचे पाय मोजले, तेव्हाही हेच दिसलं होतं की आपले पाय युरोप-अमेरिकेच्या मापांपेक्षा रुंद असतात. फर्मा परत केला. दुकानदाराने वीस रुपये कापले.

२३ मार्च
पहिला नमुना. केंटन ली या अमेरिकन माणसाची 'वाढणारी चप्पल' पुष्कळांनी पाहिली असेल. केनियात पुढून कापलेले तोकडे बूट घातलेली मुलगी पाहून त्याला ती सुचली, आणि टिचबटणांवर ती पाच नंबर वाढते. तोच विचार मी माझ्या सामानात बसवला. तळ २१८ मिलिमीटरचा, टाच मागे पक्की, पुढचा पट्टा चार ठिकाणी टिचबटणाने सरकणारा. पट्टे ट्रकच्या जुन्या ट्यूबचे. ट्यूब भंगारातून तीन किलो घेतली, साठ रुपये किलोने. तळ ट्रकच्या टायरचा, चोवीस मिलिमीटर जाड.

वजन केलं. एका पायाची ४१० ग्रॅम. लेक म्हणाली, "आई, हा बूट आहे की वीट?"

३० मार्च
गुढीपाडवा. नव्या फ्रॉकवर ही चप्पल. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पडली. गुडघा फुटला आणि फ्रॉकही फाटला, त्याचं जास्त रडू आलं. पुढून उघड्या चपलेत अंगठ्यापुढे दहा मिलिमीटर मोकळे पुरतात. माझ्या तळात तीस होते. वरचे वीस पायरीच्या कडेला अडकले.

६ एप्रिल
जास्तीची लांबी मागे नेली. पुढचं टोक बोटांपाशी, टाचेमागे वीस मिलिमीटर तळ. तासाभरात भाच्याने मागून पाय दिला आणि पट्टा खाचेतून उपटला. इथे थांबून विचार करायला हवा होता. मी मात्र नवीन टायर शोधायला गेले.

१३ एप्रिल
वजन कमी करायला कामठी रोडवरच्या टायरच्या दुकानातून कमी जाडीचा तुकडा आणला, २०० रुपयांना. काकांनी कातडं कापायची रापी लावली आणि थांबले. "हे रेडियल आहे. तार आहे यात. पोराच्या पायात टोचन." कडेला स्टीलच्या बारीक तारा केसांसारख्या उभ्या राहिल्या होत्या. रापीची धार गेली ती वेगळीच.

टायर मागताना 'नायलॉन टायर' असंच मागायचं. त्याच्या आत नायलॉनच्या दोऱ्यांचे थर असतात आणि रापीने ते कापले जातात. रेडियलमध्ये स्टीलचा पट्टा असतो. नुसत्या नक्षीवरून मला फरक कळला नाही, म्हणून कापलेल्या कडेकडे बघून घ्यायचं. दोनशे रुपये पाण्यात.

२० एप्रिल
टायरचा कंटाळा येऊन फोमवर गेले. बाजारात हवाई चपलेच्या जातीची ईव्हीएची शीट मिळते. बारा मिलिमीटरची घेतली आणि खाली तीन मिलिमीटरचं रबर सोल्यूशनने चिकटवलं. लांबी आता २०३. एका पायाची १०५ ग्रॅम. लेक उड्या मारत फिरली. मला वाटलं, सुटलो.

सोल्यूशन बंद खोलीत लावू नका. कूलर सुरू होता म्हणून खिडक्या लावून बसले होते. रात्रभर डोकं धरून होते.

२७ एप्रिल
या नोंदीवर घरात अजून हसतात.

दुपारी चप्पल धुऊन गच्चीवर वाळत टाकली. शेजारी एसी दुरुस्तीवाला राहतो, त्याच्याकडचं लेझरचं थर्मामीटर मागून आणलं. गच्चीची फरशी ६१ अंश. चार तासांनी चप्पल उचलली तर होडी झालेली! दोन्ही टोकं वर वळलेली. सरळ दाबून मोजलं: एक १९७, दुसरी १९६. ईव्हीए उन्हात आक्रसतो, खालचं रबर आक्रसत नाही, म्हणून ती वळली. शिवाय सोल्यूशन मऊ पडून कडेने रबर सुटलं होतं.

वाढणारी चप्पल करायला निघाले आणि सहा-सात मिलिमीटरने लहान होणारी करून बसले. नवरा म्हणाला, "पोरगीही आक्रसते का बघ."

सावलीच्या गावात हा फोम चालत असेल. नागपूरच्या उन्हात, स्कूटरच्या डिकीत राहणाऱ्या चपलेला नाही. शीट, रबर आणि सोल्यूशन मिळून ७६० रुपये गेले.

११ मे
ट्यूबचे पट्टेही गेले. टेकडीच्या गणपतीला चपला बाहेर उन्हात काढल्या होत्या. परत येऊन लेकीने पाय घातला आणि किंचाळली. काळं रबर पायाच्या वरच्या कातडीला थेट लागतं. तिथे घट्टे नसतात, कातडी पातळ असते. लाल पट्टा उमटला, दोन दिवस राहिला. चप्पल मी केली होती, म्हणून चपलेपेक्षा मलाच जास्त चटका बसला.

तीन किलो ट्यूब कोपऱ्यात पडली. नवार घेतली: राखाडी, पंचवीस मिलिमीटर रुंद. पायाच्या बाजूने जुन्या सुती बेडशीटचं अस्तर. नवार कात्रीने कापली की टोक पिंजतं, म्हणून गरम सोल्डरिंग गनने कापावी. पण ते वितळलेलं टोक काचेसारखं धारदार होतं. ते आत दुमडून शिवा, नाहीतर करंगळीला ओरखडा येतो.

१ जून
तीन आठवडे काहीच केलं नाही. शाळा उघडण्याआधीचा बॅगांचा हंगाम, रात्री बारापर्यंत मशीन. त्यातच एकदा बॅगेचं बूड बदलायला एक गिऱ्हाईक आलं. बूड फाटलेलं, बाकी बॅग धडधाकट. बूड उसवलं, नवं लावलं, साठ रुपये घेतले. ती गेल्यावर लक्षात आलं की चपलेतही हेच करता येईल.

मी तळ लांब करायच्या मागे लागले होते. वाढायला हवेत पट्टे. तळ प्रत्येक वेळी पायाच्या मापाचाच हवा. जास्त लांब तळाला पुढे ठेवा की मागे, तो चुकीच्या जागीच दुमडणार.

आता काकांचं मार्चमधलं वाक्य आठवलं आणि मापांचे कागद पुन्हा काढले. टाचेपासून अंगठ्याच्या बुडाच्या हाडापर्यंतचं अंतर आमच्या अकरा मुलांत पायाच्या लांबीच्या ७० ते ७४ टक्के निघतं. १८८ च्या पायाला ते १३५ मिलिमीटरवर. २१८ च्या तळात मी वाकण्यासाठी आडव्या चिरा पाडल्या होत्या त्या १५७ वर. बावीस मिलिमीटर पुढे! पाय एका जागी मुडपायला बघतो आणि तळ दुसऱ्या. बरं झालं, निदान गुडघ्यावरच निभावलं.

तर आता असं: पट्टे तेच, तळ बदलायचा. तळाची मापं १९१, २०३, २१५ मिलिमीटर. बारा-बाराची पायरी. प्रत्येकाच्या चिरा आणि खाचा त्याच्या-त्याच्या मापाने.

८ जून
तळ चिकटवायचा नाही हे एप्रिलमध्येच ठरलं होतं. मला स्क्रू हवे होते, फायली बांधायला वापरतात ते दोन बाजूंनी फिरणारे पितळी. एक जोड केलाही. आठवड्यात तीन स्क्रू ढिले झाले, एक हरवला, आणि डोकं तळव्याला लागत होतं.

काका म्हणाले, "शिवा ना ताई. शिवलेलं उसवता येते, चिकटवलेलं फाडाच लागते."

रचना अशी ठरली. नायलॉन टायरचे दोन थर. वरचा पाच मिलिमीटर, त्याला चवड्यापाशी दोन आणि टाचेपाशी दोन खाचा. नवार खाचेतून खाली जाते, दोन थरांमधून आडवी होऊन पलीकडे वर येते. खालचा थर सहा मिलिमीटर, नक्षीचा. टायरवाला १३० रुपयांत एका जोडाचे थर छिलून देतो. मग कडेने मेण लावलेल्या नायलॉन दोऱ्याची हातशिवण. खालच्या थरात आधी दोन मिलिमीटर खोल चर पाडायचा आणि टाका त्यात बसवायचा. टाका जमिनीला लागला तर आठ दिवसांत झिजून सुटतो. हे मला काकांनी न विचारता सांगितलं, म्हणून एक चूक वाचली.

वजन एका पायाचं १९५ ग्रॅम. फोमपेक्षा जड आहे, पण लेकीने तक्रार केली नाही.

२३ जून
विदर्भात शाळा उशिरा उघडतात, आज उघडली. गेटवरून चप्पल परत पाठवली गेली, काळे बंद बूटच हवेत म्हणे. चौकशी आधी करायला हवी होती. तेव्हा ही चप्पल शाळेनंतरची, शिकवणीची, खेळायची. शाळेच्या बुटाला तोड माझ्याकडे नाही. काळा बूट नेहमीप्रमाणे एक नंबर मोठा घेतला आणि पुढे कापूस कोंबला. लिहायला लाज वाटते, पण केलं.

१३ जुलै
पाऊस. भाचा बेस्याला राहतो, तिथे रिकाम्या प्लॉटांची काळी माती. ती मातीच परीक्षा घेते.

पहिलं, वेल्क्रो. मागच्या पट्ट्याला मी वेल्क्रो लावला होता, कारण पाच वर्षांच्या मुलाला बकल जमत नाही. चार दिवसांत आकड्यांमध्ये चिखल आणि कुसळं भरली. ब्रशने घासून दोनदा जिवंत केला, तिसऱ्यांदा नाही.

दुसरं, टिचबटणं. स्वस्तातली लोखंडी, वरून मुलामा. गंजली. एक तर असं घट्ट बसलं की पकडीने काढताना नवारच फाटली. पितळी घ्यायला हवी होती. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की टिचबटण ठरलेल्या जागीच लागतं आणि पाय त्या जागा बघून वाढत नाही. सगळी टिचबटणं काढून बॅगेच्या पट्ट्याला असतं तसं सरकतं बकल लावलं.

तिसरं, अस्तर. सुती अस्तर पावसात दोन दिवस वाळत नाही, वास मारतं. उन्हाळ्यात हवं, पावसाळ्यात नको. टाके लांब घालून ते उसवण्याजोगं ठेवलं आणि जुलैत सरळ काढून टाकलं.

२० जुलै
सरकतं बकल भाच्याने दोनदा पूर्ण ओढून बाहेर काढलं आणि एकदा हरवलं. मुलांच्या हाताला जे लागतं ते सुटतं. म्हणून दोन कामं वेगळी केली. माप लावायचं बकल आतल्या बाजूला, टोक दुमडून शिवलेलं. ते महिन्यातून एकदा मोठ्या माणसाने सरकवायचं. घालण्या-काढण्यासाठी टाचेच्या पट्ट्यात रुंद इलॅस्टिकचा दोन बोटं लांब तुकडा. मूल पाय घालतं, पट्टा ताणून टाचेवर चढवतं. भाच्याला दुसऱ्या दिवशी जमलं. बकल-वेल्क्रोत मी तीन महिने घालवले आणि उत्तर माझ्याच शिवणाच्या डब्यात होतं.

३ ऑगस्ट
शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा चौथं माप म्हणून घेतला, २२७ चा तळ. तो क्रिकेट खेळतो. पाचव्या दिवशी चवड्याजवळची खाच फाटत कडेपर्यंत गेली.

खाच मी रापीने सरळ चिरली होती. तिच्या टोकदार कोपऱ्यातून फाट सुरू होते. आता आधी पंचने खाचेच्या दोन्ही टोकांना चार मिलिमीटरची गोल भोकं आणि मग ती जोडणारी चीर. खाच कडेपासून किमान दहा मिलिमीटर आत. सगळे जुने तळ घरी आणून भोकं पाडली. एका दुपारचं काम, पण त्यानंतर एकही खाच फाटलेली नाही. या वहीतून कोणी एकच गोष्ट उचलणार असेल तर ही उचला.

२३ ऑगस्ट
सकाळी मारबतीची मिरवणूक बघायला गर्दीत, संध्याकाळी तान्हा पोळा. मुलं लाकडी नंदी ओढत घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरली. पाच जोड पायांत, सकाळ-संध्याकाळ मिळून सात तास. मी मुद्दाम मागे मागे होते, बाकीच्या बायकांना वाटलं मी बोजाऱ्याचे पैसे मोजतेय.

कोणी पडलं नाही. भाच्याच्या टाचेवर इलॅस्टिकच्या टोकाची शिवण घासून फोड आला. शिवण बाहेरच्या बाजूला वळवायची. लेकीचा बोटांवरचा पट्टा गर्दीत कोणाच्या तरी पायाखाली आला, नवार टिकली. तळ ओल्या फरशीवर घसरत नाही, पण नक्षीत खडे अडकतात आणि घरात टकटक वाजतात. सासूबाईंना आवाजावरून नात कुठे आहे ते कळतं, त्यांना आवडलं.

७ सप्टेंबर
हिशोब. आजवर एकूण खर्च ९,३४० रुपये. त्यातले निम्म्याहून जास्त जूनच्या आधीचे, म्हणजे शिकवणीची फी.

आताच्या एका जोडाला: नवार, अस्तर, दोरा ९५; बकलं आणि इलॅस्टिक ४५; टायरचे थर १३०; काकांची मजुरी २००. झाले ४७०. पुढचा प्रत्येक तळ १३० आणि काकांचे १२०, म्हणजे २५०. तीन तळ मिळून ९७०, साधारण तीन वर्षं. बाजारातली चारशेची सँडल तेवढ्या काळात चार वेळा घ्यावी लागते. फरक सहाशेचा. पण प्रत्येक जोडाला माझी दीड तास शिवण आहे, ती यात धरलेली नाही. धरली तर पैशांत फार काही वाचत नाही.

काही गोष्टी मात्र उरतात. ट्रकखाली एकदा वापरलेलं रबर पुन्हा कामी आलं. काहीही चिकटवलेलं नाही. कुठल्याही चौकात बसणाऱ्या मोचीला ती उघडता येते. लहान झालेला तळ फेकायचा नाही, पुढच्या मुलाकडे जातो. नवार मात्र नायलॉनची आहे, ती कुजणार नाही. ताग करून पाहिला, तो महिनाभरात पिंजला. याहून चांगलं मला सापडलेलं नाही.

ट्यूबचा उपयोगही निघाला. तिच्या पातळ पट्ट्या टाचेच्या खाचेत नवारीखाली घालते, तिथे नवार रबरावर घासून पिंजत होती.

१४ सप्टेंबर
लेकीचा डावा पाय १९४. अंगठ्यापुढे नऊच मिलिमीटर राहिले, म्हणून पहिल्यांदा खऱ्या कारणासाठी तळ बदलला. बर्डीवर स्टुलावर बसून वेळ लावला. उसवायला सहा मिनिटं, पट्टे नव्या खाचांतून ओवायला चार, शिवायला सतरा. लेक तोवर अनवाणी पाय पोत्यावर ठेवून संत्र्याची गोळी चोखत होती. इलॅस्टिक सैल पडलं होतं, ते सहा रुपयांत बदललं.

२०३ चा तळ घरी आणून धुतला. बाहेरच्या बाजूला टाच दोन मिलिमीटर झिजली आहे, बाकी ठीक. दोन घरं सोडून राहणाऱ्या मुलीचा पाय आज १८३ भरला, तिच्यासाठी बाजूला ठेवला. आतल्या बाजूला खिळ्याने लेकीचं नाव कोरलंय. तिने त्याखाली जागा सोडायला सांगितली आहे.

काकांनी कागदाचे साचे मागितले आहेत. चारही मापांचे पुठ्ठ्यावर कापून द्यायचे आहेत, २२७ चा चिरांसकट पुन्हा आखावा लागेल.